एका वजनाचे तीन विजेते

मानवतच्या बाजारपेठेत आमचं दुकान आहे. अप्पांच्या काळात तिथं भांडी विकली जायची. लग्नसराईत तांब्या, परात, घागर, आणि गिऱ्हाइकाला हवं तर प्रत्येक भांड्यावर नाव घालून. नाव घालायचं मशीन म्हणजे पेनासारखी धरायची एक थरथरती सुई. पितळेवर टेकवली की गुरगुरते आणि अक्षर उमटत जातं. अप्पांचा दंडक होता, की मशीन चालू करायच्या आधी नाव विचारायचं, गिऱ्हाइकाच्या तोंडून मोठ्यानं वदवून घ्यायचं आणि मगच सुईला हात लावायचा. "कागदावरचं खोडता येतं, पितळंवरचं न्हाई," असं ते म्हणायचे.

मी हा दंडक किती पाळला ते विचारू नका. एका लग्नाच्या अख्ख्या रुखवतावर मी नवरदेवाऐवजी त्याच्या थोरल्या भावाचं नाव घातलं होतं, आणि थोरला तेव्हा दोन लेकरांचा बाप होता. त्या घरी पाहुण्यांना पाणी देतात तो तांब्या अजून नावाची बाजू भिंतीकडं करून ठेवलेला असतो. मी गेलो की मुद्दाम माझ्याकडं वळवतात.

आता स्टीलचे डबे खोक्यात बंद येतात, नाव कोणी घालत नाही. म्हणून मी शिल्डं, ट्रॉफ्या, सन्मानचिन्हं ठेवायला लागलो. भांड्यांचा धंदा बसला तरी जिल्ह्यात सत्काराला मरण नाही. निवृत्त होणाऱ्याचा सत्कार, बदली होऊन जाणाऱ्याचा सत्कार, बदली रद्द होऊन परत आलेल्याचा सत्कार. सुई तीच, पितळ तेच, फक्त परातीच्या जागी शिल्ड आलं.

माझा एक मित्र आहे. आहे म्हणायचं का होता, ते माझं अजून ठरत नाही. आम्ही दोघंही लिंगायत; आमच्या गळ्यात लिंग एकाच सोमवारी बांधलं गेलं, शाळेत बाक एक होता, आणि माराच्या छड्याही बहुतेक वेळा एकाच गुन्ह्यासाठी मिळाल्या. पुढं तो शाळेत खेळाचा मास्तर झाला. सगळं गाव त्याला सर म्हणतं, मीही चारचौघांत सरच म्हणायचो. नोकरी संपल्यावर त्यानं एका जिनिंगच्या रिकाम्या शेडमध्ये बॉक्सिंगचा वर्ग सुरू केला. जिथं कापसाच्या गंज्या लागायच्या तिथं चिंध्या ठासून भरलेली पोती आढ्याला टांगली आणि त्यांच्यावर पोरं बुक्के मारायला लागली. जिनिंगवाल्या शेटनं शेड फुकट दिली होती. फुकट ह्या शब्दाकडं मी तेव्हा नीट पाहिलं नाही. मी फुकटाकडं नीट पाहतच नाही, आनंदानं घेतो.

त्या वर्गात माझा भाचा होता. माझी बहीण ताडकळसला दिलेली. तिचा हा पोरगा शेतात काम करायचा, सकाळी दूध घालायचा आणि एक दिवसाआड मोटारसायकलवर मानवतला येऊन पोत्यांना बुकलायचा. बोलणं कमी. त्याच्या वाटचंही आमच्या घराण्यात मीच बोलतो.

मग सरांना वाटलं, नुसता वर्ग कशाला, मंडळच काढू. व्यावसायिक बॉक्सिंगचं, राज्य पातळीवरचं. कोणी अडवलं नाही, कारण असं मंडळ काढायला कोणाची परवानगी लागते हे कोणालाच माहीत नव्हतं. तो अध्यक्ष झाला. त्यानं साठ किलोच्या गटाची राज्य अजिंक्यपदाची लढत जाहीर केली आणि तिचा पट्टा करायचं काम मला दिलं. मी ट्रकच्या सीटचं लाल रेक्झिन घेतलं, मागं बैलाच्या साजाचं चामडं लावलं आणि मधोमध पितळेची परात कापून ताटाएवढी तबकडी बसवली. तो कमरेला बांधला की माणूस वाकू शकत नव्हता. भाच्यानं एका मंगल कार्यालयात नांदेडकडच्या पोराला हरवून तो जिंकला, आणि त्याच कार्यालयातल्या नवरदेवाच्या खुर्चीवर बसून फोटो काढला. तबकडीवर नाव मीच घातलं. नाव आधी विचारलं नाही, पण तेवढं मला पाठ होतं.

ताडकळसच्या बाजारच्या दिवशी आम्ही त्याला जीपमधून फिरवला. भाजीवाल्यांनी जुड्या बाजूला सरकवून वाट दिली. राज्य विजेता माझा भाचा आहे हे त्या दिवसांत मी कोणाकोणाला सांगितलं असेल? एसटीत शेजारी बसलेल्याला, वीजबिलाच्या रांगेतल्याला, आणि एकदा तर दुकानी चुकून लागलेल्या राँग नंबरलाही.

पुढं काही आठवड्यांनी सेलूहून एक पन्नाशीचा माणूस दुकानात आला. त्याला पट्टा हवा होता. साठ किलो, राज्य विजेता, त्याच्या पुतण्याचं नाव. धंदा आला की माझं डोकं सुईच्या मागं लपतं. मी साचा काढला, रेक्झिन ह्या वेळी निळं घेतलं, अक्षरं घातली आणि पॉलिश मारून पट्टा गल्ल्यावर ठेवला. संध्याकाळी भाचा चहाला आला. त्यानं पट्टा उचलला, वाचला, परत ठेवला.

"मामा, हे कोणाचं हाय?"

तेव्हा मी पहिल्यांदा तो वाचला. लिहिला होता मीच.

एका वजनाचे दोन राज्य विजेते माझ्याच दुकानात तयार झाले होते. मी भाच्याला घेऊन सरांकडं गेलो. तो अजिबात दचकला नाही. उलट मोठ्या जगाची गोष्ट सांगायला लागला. म्हणाला, परदेशात तर बॉक्सिंगच्या चार-चार संघटना आहेत, प्रत्येकीचा जगज्जेता वेगळा, आणि कधीकधी एकाच संघटनेचा एक खरा विजेता, एक हंगामी, एक त्याच्याही वरचा. एकाच वजनात जगाचे इतके मालक असतात तर राज्याचे दोन असले म्हणून काय बिघडलं? सेलूवाल्यांनी त्यांचं मंडळ काढलं, आपलं आपण काढलं. मला ते पटलं. मला पटवायला फार लागत नाही, परदेश हा शब्द पुरतो.

भाच्याला पटलं नाही. आमच्याकडं जत्रेत कुस्त्यांचा फड असतो. ज्याला आपल्या अंगात दम आहे असं वाटतं, तो पैलवान फडाला फेरी मारून जोड मागतो. कोणी उठला तर कुस्ती होते. कोणीच उठला नाही तर पंच त्याच्या हातावर नारळ ठेवतात, आणि तो नारळ फार मानाचा धरत नाहीत, कारण तो न लढता मिळालेला असतो. भाचा त्या फडाच्या कडंला बसून मोठा झालेला.

"दोन पट्टे असू द्या, चार असू द्या," तो म्हणाला. "पण तो हाय आन् मी हाय. आमी दोघं एकदा समोर आलो पायजे. न्हाई तर मला कळंल कसं?"

त्याला एवढंच पाहिजे होतं. जीप नको, फोटो नको, आपण खरे की नाही ते कळायला पाहिजे. आणि हे मिळवून देण्याची जिम्मेदारी मी घेतली, कारण घरात बोलणारा मीच.

देवगाव फाट्यावर चहाच्या हॉटेलात बैठक ठरली. सेलूहून पुतण्या आणि त्याचा काका आले, इकडून मी आणि भाचा. काका आणि मी एकमेकांच्या मंडळांना नावं ठेवत बसलो. त्याचं म्हणणं, आमचं मंडळ म्हणजे एका मास्तराचा हट्ट. मी म्हणालो, तुमचं मंडळ म्हणजे एका काकाचा. तो हसला, मीही हसलो, भजी मागवली. तिकडं दोन्ही राज्य विजेते बाहेर मोटारसायकलवर बसून एकमेकांच्या मुठी बघत होते. सेलूचा पोरगा भाच्याच्या बोटांना कसलंतरी तेल लावायला सांगत होता. ज्याला हाणायचं आहे त्याची बोटं दुखू नयेत याची काळजी मी तिथं पहिल्यांदा पाहिली. लढत ठरली. दोन्ही पट्टे समोर ठेवायचे, जिंकेल त्यानं दोन्ही न्यायचे.

परत येऊन सरांना सांगितलं. त्यानं आधी शेडच्या आढ्याकडं पाहिलं आणि मग म्हणाला, लय चांगलं. मला ते आढ्याकडं बघणं खटकायला हवं होतं. सोमवारी महादेवाच्या देवळात भेटलो तेव्हा मी थट्टेत म्हणालो, अध्यक्ष, शब्द द्या. त्यानं पिंडीवरचं बेलाचं पान उचललं, कपाळाला लावलं.

"मी ही लढत आडवनार न्हाई. बस झालं?"

आमच्यात बेल उचलला की त्यापुढं विचारत नाहीत. मी विचारलं नाही.

लगेचच त्यानं नव्या पट्ट्याचं काम सांगितलं. पहिल्या दोन्हीपेक्षा मोठा, काळ्या चामड्याचा, कडंला नक्षी. सगळा मजकूर घाल, म्हणाला, फक्त नावाची जागा कोरी ठेव. मला वाटलं, हा दोघांच्या लढतीतल्या विजेत्याचा पट्टा. दोघांतला कोण जिंकेल हे माहीत नसल्यावर नाव कोरंच राहणार! मला इतका आनंद झाला की घरच्या देव्हाऱ्यासाठी आणलेला जाड पत्रा मी त्या पट्ट्याला वापरला. कडंला बेलपानांची वेल काढली. आयुष्यात इतकं सुबक काम माझ्या हातून झालेलं नाही, आणि बायको म्हणते तसं, चुकीच्या कामातच माझा हात चांगला चालतो.

अप्पांचा दंडक तेव्हा मला आठवला नाही असं नाही. आठवला. पण मी म्हणालो, भाच्याच्या गोष्टीत कसला दंडक.

सरांनी कार्यक्रम ठेवला, त्याच मंगल कार्यालयात. भाच्याला निरोप गेला, आईला घेऊन ये. मला सांगितलं, मशीन घेऊन ये, नाव स्टेजवरच घालू, लोकांना मौज वाटेल. मी समजलो, लढतीची तारीख जाहीर करणार, आणि नाव म्हणजे कार्यक्रमाचं, मंडळाचं काहीतरी असेल. मी नवीन नेहरू शर्ट घातला. बहीण आणि भाचा पुढच्या रांगेत बसले. मला स्टेजवर बसवून शाल पांघरली, नारळ दिला. जन्मभर दुसऱ्यांच्या सत्काराचं सामान विकलं, स्वतःच्या अंगावर शाल पहिल्यांदाच आली. ऊब लागायला लागली होती.

मग सरांनी माइक घेतला. मंडळाच्या नियमाप्रमाणे, तो म्हणाला, परवानगीवाचून दुसऱ्या मंडळाच्या खेळाडूशी लढत ठरवणाऱ्या विजेत्याचं अजिंक्यपद काढून घेण्यात येत आहे. आणि गटातला अव्वल दावेदार आजपासून राज्य विजेता. दावेदार उठून स्टेजवर आला. तो जिनिंगवाल्या शेटचा मुलगा होता, पुण्याहून परत आलेला, भरदार दंडांचा. तो कोणाशी लढला होता हे कोणी सांगितलं नाही.

सरांनी काळा पट्टा माझ्या मांडीवर ठेवला, माइक माझ्या मशीनजवळ धरला आणि शेटच्या मुलाचं नाव घेतलं. मोठ्यानं, स्पष्ट. अप्पांना असंच वदवून हवं असायचं.

मी उठायला हवं होतं. शाल फेकायला हवी होती. आता लिहिताना मी कितीतरी चांगली वाक्यं रचतो, तेव्हा एकही आलं नाही. समोर मंगल कार्यालय भरलेलं, खांद्यावर शाल, हातात सुई, आणि हाताला सवय. नाव ऐकलं की हात चालतो. सुई पितळेला टेकली आणि तिची गुरगुर माइकमधून अख्ख्या कार्यालयात घुमली, जिन्याखाली स्वयंपाक करणारे आचारीसुद्धा वर बघायला आले. पहिली दोन-तीन अक्षरं झाल्यावर मी मान वर केली. भाचा माझ्याकडं बघत नव्हता. तो माझ्या हाताकडं बघत होता. बहिणीनं पदर तोंडाला लावला होता. मी मान खाली घालून नाव पुरं केलं. शेवटच्या अक्षराची वेलांटीसुद्धा झोकात काढली.

दुसऱ्या दिवशी मी शेडवर गेलो. सर पोती बांधत होता. मी म्हणालो, बेल उचलला होतास.

"लढत आडवनार न्हाई म्हणलो होतो," तो म्हणाला. "कुठं आडवलो? लढू दे की. फक्त आता विजेता म्हणून लढता येनार न्हाई, एवढंच."

मी त्याला पुष्कळ बोललो. बाक, छड्या, सोमवार, सगळं काढलं. तो पोत्याची गाठ आवळत राहिला. शेवटी म्हणाला, "शेड त्यांची हाय गड्या. उद्या त्यांनी कुलूप लावलं तर ही सगळी पोरं मी कुठं नेऊ? तुझ्या दुकानात?" हे खोटं नव्हतं. म्हणूनच मला जास्त लागलं. नुसता लबाड असता तर शिव्या घालून मोकळा झालो असतो. त्यानं मोजून बघितलं होतं, आणि भाच्याच्या पारड्यात आमची मैत्री टाकूनही ते पारडं त्याला जड वाटलं नव्हतं.

मग सेलूच्या काकाचा फोन आला. बिचारा ओशाळला होता. पाहुणे, म्हणाला, आमच्या मंडळाचं म्हणणं पडलं, ज्याच्याकडं पट्टाच न्हाई त्याच्याशी आमच्या विजेत्यानं कामून लढावं? जिंकून काय मिळंल? आणि आमच्या पोरानं हट्ट केला तर त्याचाही पट्टा काढून घेतील, आमच्याकडंबी एक दावेदार बसलेलाच हाय. मी विचारलं, तुमच्याकडं शेड कोणाची आहे? तो म्हणाला, तुमाला कसं कळलं?

त्यानंतर भाचा दुकानात आला नाही. मी बहिणीकडं दोनदा गेलो, तो शेतात होता. एकदा तर घरातच होता आणि तरी शेतात होता.

ताडकळसच्या जत्रेत फड भरला तेव्हा मी गेलो. हलगी वाजत होती, लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर, भिंतींवर चढून बसले होते. मधल्या कुस्त्या झाल्यावर भाचा आत आला. हातात ग्लोव्हज होते, एक जोड त्याच्या हातात घातलेला आणि दुसरा दोरीनं धरलेला. पंच म्हातारे होते. ही कुस्ती नव्हे, असं एक जण म्हणाला, पण दुसरा म्हणाला, पोरगं गावचं हाय, मागू द्या जोड.

तो फेरी मारायला लागला. दुसरा ग्लोव्हजचा जोड लोकांसमोर धरत. लोक हसले, एकानं आपल्या दोस्ताला पुढं ढकललं, दोस्त पळाला. पुढं एका ट्रॉलीजवळ भाचा थांबला. ट्रॉलीत सेलूचा पोरगा बसला होता. तो एवढ्या लांबून जत्रेला आला होता, म्हणजे त्यालाही तेच कळायला पाहिजे होतं. भाच्यानं ग्लोव्हज वर धरले. पोरगा अर्धा उठला. शेजारी काका होता. काकानं त्याला ओढलं नाही, नुसता खांद्यावर हात ठेवला. पोरगा ग्लोव्हजकडं बघत राहिला, मग बघता बघता खाली बसला.

भाचा तिथं जरा जास्तच वेळ उभा होता. हलगीवाल्याला वाटलं काही होणार, त्यानं चाल वाढवली. मग भाच्यानं फेरी पुरी केली, सगळ्या फडाची, रिकाम्या बाजूचीसुद्धा. पंचांनी त्याच्या हातावर नारळ ठेवला. टाळ्या वाजल्या. गावकऱ्यांना ते बरंच वाटलं.

तो गर्दीतून सरळ माझ्याकडं आला. इतक्या दिवसांनी समोर आलेला पाहून माझा जीव भांड्यात पडला. त्यानं नारळ माझ्या हातात दिला.

"मामा, ह्याच्यावर नाव घाला."

मला वाटलं, पोरगं हसून सोडून द्यायला आलंय. मीही हसलो. "घालतो की. कोणाचं घालू?"

"विचारायची सवय कधीपासून लागली तुमाला?" तो म्हणाला आणि जत्रेला आलेल्या आईला मोटारसायकलवर बसवून निघून गेला.

नारळ आता दुकानात गल्ल्यावर आहे. बायको म्हणते, सोमवारी महादेवासमोर फोडून टाका, कशाला जपता. सोमवारी मी देवळात जातो, तिथं सरही येतो. आमच्यात समोर आलेल्याला शरणार्थ म्हणायचा दस्तूर आहे, आणि समोरच्यानंही म्हणायचा. तो म्हणतो. मीही म्हणतो. पूर्वी त्यानंतर आम्ही पायरीवर बसून तासभर गावाची निंदा करायचो. आता तो नंदीच्या डाव्या अंगानं जातो, मी उजव्या.

परवा त्यानं एका पोराकडून निरोप पाठवला. सत्तर किलोचा पट्टा पाहिजे, नाव मागाहून सांगतो. मी पोराला म्हणालो, सरांना म्हणावं, नाव घेऊन स्वतः या, माझ्या समोर उभं राहून मोठ्यानं सांगा. अजून कोणी आलेलं नाही. पट्टा परभणीत दुसऱ्या कोणीतरी करून दिला असं कानावर आलं.

काल दुकान बंद करताना नारळ उचलून कानाशी हलवला. आत पाणी वाजलं नाही. परत गल्ल्यावर ठेवला.